'लूत नाही' म्हणणाऱ्या नीलक्का

नीलक्का माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या भांडायला. मेडिकलचं दुकान, भर दुपार, सोलापूरचं ऊन; अशा वेळी गिऱ्हाईक सहसा फिरकत नाही. साठीच्या एक उंच बाई पायरी चढून आत आल्या. सुती साडीवर पुरुषाचा फुल शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. उसाच्या फडात बायका घालतात तसा. त्यांनी एक पिळून चपटी झालेली रिकामी ट्यूब काचेवर ठेवली आणि ही कुणी दिली म्हणून विचारलं.

ट्यूबवर माझ्या दुकानाचं लेबल होतं. मीच दिलेली असणार. गजकर्णावर लोक नावानिशी मागून नेतात तसलं तीन औषधांचं मिश्रण होतं ते, त्यात स्टिरॉइडही असतं. माणसासाठी म्हणून मागितलं असेल, असं मी सांगितलं. त्यावर बाईंनी सांगितलं, की एका घरात हे महिनाभर कुत्र्याच्या पोटाला चोळलं गेलं. खाज थांबली, सगळे खूश झाले, आणि आत पू पसरत राहिला.

"तुम्ही त्याची खाज बंद केली," त्या म्हणाल्या. "खाज म्हणजे तक्रार असती. तक्रार करणाऱ्याचं तोंड दाबलं म्हणून गुन्हा मिटतो का?"

मी म्हणालो, कुत्र्याला लावणार हे मला कसं कळणार?

"विचारायचं की, कुणाला लावणार म्हणून."

एवढं बोलून त्या गेल्या. आवाज चढवला नव्हता, तरी मला दुकानात उगाच अवघडल्यासारखं झालं. तेव्हापासून मी विचारतो. काही गिऱ्हाइकं चिडतात, काही पुढच्या मेडिकलला जातात.

पुढं महिनाभरात आमच्याच कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या गाळ्यावर पाटी लागली: डॉ. नीलांबिका बिराजदार, कुत्र्यांच्या कातडीचे आजार. मी पाटी वाचत होतो तेव्हा त्या जिन्यात उभ्या होत्या. "या वर कधीतरी, मेडिकलवाले," म्हणाल्या. माझं नाव त्यांनी पुढंही कधी घेतलं नाही. मी कायम मेडिकलवालाच राहिलो.

सगळी नोकरी त्यांनी सरकारी पशुवैद्यकीय खात्यात काढली होती. दुधनी, मंगळवेढा, वैराग, जिथं पाठवतील तिथं. गाई, म्हशी, शेळ्या. लसी, वेत, अडलेली वासरं. माहेर दुधनीचं, त्यामुळे कानडी आणि मराठी एका दमात बोलायच्या. जनावरांशी मात्र फक्त कानडीत. निवृत्तीनंतर त्यांनी म्हशीकडं पाठ फिरवून कुत्र्याची कातडीच का धरली, हे त्यांना सगळेच विचारायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. दवाखान्यात दूध देणाऱ्या जनावरांची रांग असायची आणि कुत्रं सगळ्यांत शेवटी. त्याच्या अंगाकडं नीट न बघता एक इंजेक्शन टोचायचं आणि हाकलायचं. त्यांनी स्वतःसुद्धा तेच केलं होतं, हे त्या लपवत नसत. "ज्याच्याकडनं काही मिळत नाही, त्याची कातडी कोण बघणार? आता मी बघणार."

कुत्र्याच्या अंगावरचे केस गेले, खपल्या धरल्या, वास सुटला, की आमच्याकडं त्याला एकच शब्द आहे: लूत. लूत लागली म्हटलं की त्या कुत्र्याला दार बंद. मग कुणी त्याच्या अंगावर जळकं ऑइल ओततं, कुणी गंधक चोपडतं, कुणी दगड मारतं. नीलक्कांचं अर्धं आयुष्य, म्हणजे मी पाहिलेलं, ह्या एका शब्दाशी भांडण्यात गेलं. मालक दारातून आत येतानाच "लूत लागलीय" म्हणायचा आणि त्या मान वर न करता म्हणायच्या, "ते मी सांगते."

मग त्या कुत्र्याला टेबलावर घेत. "सुम्निर, सुम्निर," म्हणजे गप राहा, असं हळूहळू पुटपुटत दोन्ही हातांच्या बोटांनी केस विंचरल्यासारखे बाजूला करत जात. लाल पुटकुळ्या, टोकाला पिवळा पू. त्या फुटल्या की मागं उरणारी गोल चकती, कडेनं पापुद्रा सुटलेली. आधी ब्लेडनं कातडी खरवडून किडे आहेत का बघायच्या, कारण खऱ्या लुतीत किडे असतात. किडे निघाले तर तसं स्वच्छ सांगायच्या. पण बहुतेकदा नाही निघायचे. मग फुटलेल्या पुटकुळीवर काच टेकवायच्या, ती सुकवायच्या, निळ्या रंगात बुडवायच्या आणि खिडकीपाशी ठेवलेल्या जुन्या मायक्रोस्कोपखाली सरकवायच्या. स्वतः बघून झालं की मालकाला खुर्चीवर बसवायच्या. मालकानं आत डोकावल्याशिवाय औषध लिहायचं नाही, हा नियम. "लूत नाही. त्याच्याच कातडीवर राहणारे जंतू आहेत. कातडी कमजोर पडली की माजतात. बघा तुमच्या डोळ्यांनी."

औषध काय, तर अंघोळ. जंतू मारणारा शाम्पू, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि अंगावर फेस दहा मिनिटं. फेस लावून लगेच पाणी ओतलं तर तो शाम्पू गटारीला दिला, असं त्या म्हणत. पहिली अंघोळ मागच्या मोरीत मालकाकडूनच करून घ्यायच्या. खिडकीत गजराचं घड्याळ ठेवलेलं. मी एकदा कापसाचं बंडल द्यायला वर गेलो तेव्हा शहरातले एक बडे वकील पँट गुडघ्यापर्यंत वर करून, फेसानं माखलेल्या लॅब्रॅडॉरला मिठी मारून मोरीत बसले होते. त्यांचा मोबाइल वाजत होता. नीलक्कांनी तो उचलून कपाटात ठेवला आणि सहा मिनिटं राहिली म्हणून सांगितलं. वकीलसाहेब हूं की चूं न करता बसून राहिले.

गोळ्यांची गरज असेल तर त्या गोळ्या देत, पण मग पूर्ण मुदत. अंग चांगलं दिसायला लागलं म्हणून मधेच सोडलं तर त्या मालकाला पुन्हा दारात उभं करत नसत, असं लोक म्हणायचे. ते खरं नव्हतं. उभं करायच्या, पण आधी ऐकवायच्या.

वैरागकडचे एक द्राक्ष बागायतदार असेच आले होते. पांढरी गाडी, सोबत दोन माणसं, मागच्या सीटवर जर्मन शेफर्ड. पाठीवर केस जाऊन नकाशे उमटलेले. चार ठिकाणी इंजेक्शनं झाली होती. प्रत्येक वेळी आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. गोळ्या कधीच पुऱ्या केल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: लांबून आलोय, घरात लग्न आहे, एक जोरदार इंजेक्शन द्या.

नीलक्कांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"घड हायती की," ते म्हणाले. "निळ्या द्राक्षाचं घड."

"तसेच दिसतात ते. आता मला सांगा, बागेवर एकच औषध सारखं मारलं, ते पण अर्धं अर्धं, तर काय होतं?"

"रोग दाद देत न्हाय मग."

"मग तुमच्या कुत्र्यावर तुम्ही वर्षभर काय केलंय?"

गृहस्थांनी पुन्हा एकदा कुत्र्याच्या पाठीकडं पाहिलं. पण लग्नाची तारीख काही हलत नव्हती. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा इंजेक्शनाचा विषय काढला, आणि मग वरपर्यंत आपली ओळख कुठं कुठं आहे तेही सांगितलं. नीलक्का उठल्या, दार उघडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जावा तुम्ही. पुढच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी देऊ का? लिहिते, कुत्र्याला वेळ आहे, मालकाला घाई झाली आहे."

ते गेले. जिन्यावर पाय आपटल्याचा आवाज माझ्या दुकानात ऐकू आला. लग्न आटोपून महिन्याभरानं तीच गाडी पुन्हा खाली लागली. ह्या वेळी माणसं सोबत नव्हती, फक्त ते आणि कुत्रा. कुत्र्याची पाठ आणखी उघडी पडली होती. मला वाटलं, आता बाई ह्यांना सोलून काढणार. त्यांनी मागचं अवाक्षर काढलं नाही. कुत्रा कुठं झोपतो, अंगाखाली काय असतं, एवढंच विचारत राहिल्या. जुनी बारदानं, असं उत्तर आलं. ती बारदानं पिसवांनी भरलेली निघाली. पिसू चावली की कुत्रा कातडी ओरबाडणार, आणि ओरबाडलेल्या जागेतून जंतू आत शिरणार. "जंतू चोर आहेत," नीलक्का म्हणाल्या, "पण दार पिसवा उघडून देतात." बारदानं जाळली, पिसवांचं औषध झालं, गोळ्यांची मुदत ह्या वेळी पूर्ण झाली. दोन महिन्यांनी ते गृहस्थ द्राक्षाची पेटी घेऊन आले, ती नीलक्कांनी कॉम्प्लेक्समधल्या सगळ्या दुकानांत वाटून टाकली.

ती द्राक्षं मीही खाल्ली. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी नीलक्कांविरुद्धच्या अर्जावर सही केली.

अर्ज कॉम्प्लेक्समधल्या दुकानदारांचा होता. जिन्यात वास येतो, केस उडतात, सडलेली कुत्री गिऱ्हाइकांच्या अंगावरून जातात, रोगराई पसरेल, असं बरंच काही. माझ्या दुकानात लहान मुलांचं दूध असतं, लोक नाकं मुरडतात, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे कागद पुढं आला आणि सगळे बघत होते. सही करून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी जागामालकाकडून आलेली त्याची झेरॉक्स घेऊन नीलक्का माझ्याकडं आल्या. काउंटरवर कागद पसरून एकेक नाव वाचत खाली आल्या आणि माझ्या नावावर बोट ठेवलं.

"सही वळणदार आहे तुमची, मेडिकलवाले."

मग कापूस मागितला. मी दिला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

जागामालकानं त्यांना गाळा सोडायला सांगितलं. नीलक्कांनी कळवलं, की करार संपायला अजून वर्ष आहे. एक दिवस जास्त राहणार नाही आणि एक दिवस आधी जाणार नाही. त्याच आठवड्यात पेंटर आला. जुन्या पाटीच्या जागी दुप्पट मोठी पाटी चढली: इथे सडलेल्या कातडीची कुत्री बरी होतात. रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल एवढी अक्षरं. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी, दुकानं उघडायच्या वेळी, सगळ्यांच्या देखत, त्या पदर खोचून वरपासून खालपर्यंत जिना औषधाच्या पाण्यानं स्वतः धुऊ लागल्या. आमच्या दुकानांच्या पायऱ्यांसकट. कुणी बाई ठेवा म्हणालं तर म्हणायच्या, "अर्ज माझ्यावर आहे, बाईवर नाही." माझ्या पायरीवर त्या वाकलेल्या असायच्या आणि मला शटर उघडून आत जायचं असायचं. त्या वर्षभरात मी त्यांची माफी मागितली नाही. जमलं नाही.

जमलं ते एवढंच, की नरसव्वाला मी वर पाठवलं.

नरसव्वा शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू वस्तीतली. विड्या वळणारी, पन्नाशीची, नवरा यंत्रमागावर होता तो वारलेला. घरात ती आणि बंगारू नावाचा कुत्रा. बंगारू म्हणजे त्यांच्या तेलुगूत सोनं. तिनं माझ्याकडं जखमेवरची पावडर मागितली, आणि मी कुणाला लावणार म्हणून विचारलं, तेव्हा ती रडायला लागली. कुत्र्याचं अंग मानेपासून शेपटीपर्यंत ओलं, खपल्यांचं झालं होतं. गल्लीनं तिला आठ दिवस दिले होते. लूत पोरांना लागेल, एक तर मारा नाही तर शहराबाहेर सोडून या. एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, की औषधं चालत नाहीत, त्याला शांतपणे कायमचं झोपवलेलं बरं.

नीलक्कांनी पू तपासणीला पाठवला. कोणतं औषध ह्या जंतूंना मारतं ते कळणारी तपासणी. रिपोर्ट आला तेव्हा मी तिथंच होतो. औषधांची लांबलचक यादी आणि जवळपास प्रत्येकापुढं एकच शेरा: चालत नाही. खाली दोन उरली होती. ती मला माहीत होती. अतिदक्षता विभागात माणसावर बाकी सगळी औषधं हरली की काढतात ती. मी म्हणालो, मागवून देतो.

नीलक्कांनी कागदाची घडी घातली. "ती माणसांसाठी राहू द्या. ह्याच्यावर वापरून ती पण बोथट झाली तर उद्या तुम्ही-आम्ही कुठं जायचं? रोग अजून वरच्या वर आहे, खोल उतरलेला नाही. एकही गोळी न देता बघते. ताप आला, भोकं पडायला लागली, तर फेरविचार करीन." मग नरसव्वाकडं वळून विचारलं, "रोज अंघोळ घालशील? रोज. दीड-दोन महिने."

नरसव्वानं मान हलवली. मग हळूच म्हणाली, "अक्का, नळ पाच दिवसांनी येतो."

हे आमच्या गावात सगळ्यांनाच माहीत. ज्या गावात माणूस पिंपं भरून आठवडा काढतो, तिथं कुत्र्याला रोज दोन बादल्या पाणी. गल्लीत कळलं तेव्हा लुतीपेक्षा ह्यावरून जास्त आग लागली.

आमच्या कॉम्प्लेक्सला बोअर आहे. त्याच्या मोटारीच्या खोलीची किल्ली माझ्याकडं असायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नीलक्का जिना धूत माझ्या पायरीपर्यंत आल्या, तेव्हा मी ती किल्ली त्यांच्या हातात दिली. बाकीच्यांना विचारलं नाही. त्यांनी किल्लीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि कॅन भरायला घेतले.

पहिल्या दिवशी मी कॅन घेऊन त्यांच्या मागून गेलो. त्यांच्या स्कूटरवर पुढं दोन कॅन, शर्टाच्या बाह्या वर. गल्लीत माणसं जमलेलीच होती. एक वयस्क गृहस्थ काठी घेऊन नरसव्वाच्या उंबऱ्यासमोर उभे. हितं माणसाला प्यायला न्हाय, आणि तुमी कुत्री धुताय, पोरं आजारी पडली तर कोण बघणार, असं ते बोलत राहिले. नीलक्कांनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. तोवर हातमोजे चढवले, दगडी पाट ओढला, बंगारूला मांडीशी घेतलं.

"हा जंतू त्याच्याच अंगावरचा आहे," त्या म्हणाल्या. "पोरांनी ह्याला हात लावला तर साबणानं धुवावेत, एवढं पुरे. आणि पाणी मी आणलंय, कुत्रा तिचा आहे, हात आमचे आहेत. तुमचं काय जातंय तेवढं सांगा, मग पुढं बोलू."

गृहस्थ काठी टेकत उंबऱ्यापासून बाजूला झाले. गेले मात्र नाहीत. दहा मिनिटं सगळी गल्ली एका कुत्र्याच्या अंगावरचा फेस बघत उभी होती.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी भरलेले कॅन उलटे केले. नीलक्का परत गेल्या आणि पुन्हा भरून आणले. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा त्या गल्लीच्या मधोमध कॅनवरच बसल्या, नरसव्वाचं काम होईपर्यंत. नंतर कॅन कुणी हलवले नाहीत.

विड्या वळणाऱ्या बाईची बोटं फार हलकी असतात. तंबाखूनं तपकिरी झालेल्या त्या बोटांनी नरसव्वा एकेक खपली न दुखवता भिजवायची, सोडवायची, जुन्या टॉवेलनं टिपून घ्यायची. दुसऱ्या आठवड्यात वास गेला. चौथ्यात पाठीवर लव दिसायला लागली. सहाव्यात नरसव्वा म्हणाली, बरा झाला. नीलक्कांनी काच टेकवून पाहिलं, निळे घड गेलेले होते. तरी म्हणाल्या, "डोळ्याला बरा दिसतोय. अजून पंधरा दिवस." पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवसच झाले.

करार संपायच्या आदल्या दिवशी त्यांनी गाळा रिकामा केला. दुसऱ्या दिवशी दुधनीला निघायचं होतं. भावाचं घर रिकामं आहे, आसपास धनगरांची कुत्री भरपूर आहेत आणि त्यांच्या अंगाकडं बघणारं कुणी नाही, असं त्यांनी जाहीर केलं. दुकानदार म्हणाले, शेवटी गेली एकदाची. मी म्हणालो, करार संपला म्हणून गेल्या. पहिल्यांदाच मी त्यांच्या बाजूनं सगळ्यांसमोर बोललो, आणि तेव्हा त्या तिथं नव्हत्या.

त्या संध्याकाळी त्या नरसव्वाकडं गेल्या. मीही माझी गाडी काढून मागून गेलो. बंगारूला त्यांनी दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं. तो उंबऱ्यावर आडवा पसरला होता. सोनेरी, दाट, कुठं डाग म्हणून नाही. नीलक्का स्कूटर लावून पुढं झाल्या तसा तो उठला. मानेवरचे केस ताठ झाले, दात दिसले, आणि तो त्यांच्यावर असा भुंकायला लागला की गल्लीतली दारं उघडली. नरसव्वा ओशाळली. तेलुगूत त्याला रागावायला लागली, चप्पल उचलली.

नीलक्कांनी तिचा हात धरला. "राहू दे. हा माझ्याकडं आला तेव्हा ह्याच्या तोंडातनं आवाज निघत नव्हता."

त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं. बंगारू उंबऱ्यावरून खाली उतरला आणि गुरगुरत आडवा उभा राहिला. नीलक्का दोन पावलं मागं आल्या. तोंडावर हात ठेवून त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नरसव्वाशी दोन शब्द बोलल्या, माझ्याकडं बघून मान हलवली, आणि स्कूटरला किक मारली.

बंगारू भुंकत त्यांच्या मागं धावला. गल्लीच्या तोंडापर्यंत. नीलक्का स्कूटर मुद्दाम हळू चालवत होत्या.